दोघांचं माप एकच

न्हाई हो तानुमावशी, दुखत न्हाई, भरा तुमी बांगड्या — हात कालपासून मोकळाच हाय. दोन्ही. सोळा सोमवारातला हा बारावा, महादेवाला पाणी घालायचं, आन् भुंड्या हातानं कशी जाऊ? फुटल्या कशा म्हणता? फुटल्या म्हणू नये मावशी, वाढवल्या म्हणावं. पण मी न्हाई वाढवल्या. ह्यांनी. हसू नका. काल बाजारात आमचं नाटक होतं ना — पेडगावहून सामानाची गाडी येत होती, तर नाक्यावर जमादारानं कपड्या-दागिन्यांची पेटीच धरून ठेवली, खेळाची इजाजत दाखवा म्हणून. बाईचं काम ह्यांचं; नेसायला लुगडं आत्याबाईंचं मिळालं. बांगड्या कुठल्या आणाव्या? आमचं दोघांचं माप एकच. हे सात वर्षांचे होते तवापासून मामंजींनी डोक्यावर भरली घागर देऊन बाईची चाल शिकवलेली. पाणी सांडलं की त्या दिवशी जेवण न्हाई. हात तसेच राहिले, बारीक. तेल लावून काढून घेतल्या माझ्या. एक तरी राहू द्या म्हणलं, तर म्हणाले, विधवेचा प्रवेश हाय, फुटल्याचा आवाज भरून आला पाहिजे. आन् खांबावर आपटल्या हो — माझ्या बांगड्या, माझ्याच नवऱ्यानं, नवरा मेला म्हणून. बायका पदरात तोंड घालून रडल्या. आत्याबाईंनी लेकाची दृष्ट काढली. माझ्या हाताकडं कुणी बघितलं? कुणी न्हाई.

म्हणून सांगते, मला काचेच्या भरा, आन् ह्यांच्यासाठी लाखेच्या द्या, हिरव्याच, लांबून कळू नयेत अशा. आपटल्या तरी फुटायच्या न्हाईत. आज पालमला खेळ हाय — होऊ दे फजिती. अपशकुन तर टळंल. अपशकुनासाठीच म्हणते, दुसरं काय? कुणी सांगितलं तुमाला? हां, खेळ बघायला येणार हायेत, हैदराबादेच्या मोठ्या नाटक कंपनीचे मालक. काम पसंत पडलं तर ह्यांना संगंच नेणार, मग वर्षा-दोन वर्षांनी घरी. ह्यांच्या मनासारखं होऊ दे म्हणून मीच सोमवार धरले मावशी, आन् आता महादेव द्यायला निघाला तर मीच आडवी…

हळू. ऐकू येतंय? आत तोच प्रवेश म्हणायलेत. सकाळी जवळ बसून विचारलं मला — हात मोकळे झाल्यावर आतून कसं वाटलं, तेवढं सांग, अजून ते जमंना मला. मी उठून गेले. काय सांगायचं?

राहू द्या त्या लाखेच्या. दोन्ही जोड काचेचेच ठेवा. न्हाई, माझ्या आत्ता नका भरू, सोडा हात. ह्यांनी विचारलंय ते भुंड्या हातानंच सांगावं लागंल. जा तुमी मावशी, दार तेवढं ओढून घ्या.