भिंत किती उंच

कंपाउंड घालताय ना, मग आमचं ऐका. उस्मानपुऱ्यातल्या घराला मी तारेचं कुंपण घालणार होतो. बायको म्हणाली, "तारेतून शेजारच्या काकू दिवसभर आपल्या घरात बघतील. उंच भिंतच घाला."

घातली. काकूंचं डोकंसुद्धा दिसेना. बायको लई खूश.

आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यानं. हौद कोरडा पडला तसं बायकोनं भिंतीपलीकडं विचारलं, "काकू, पाणी कधी येणार हो?"

"काल येऊन गेलं की."

"दरवेळी हाक मारता, मग काल का नाय मारली?"

"म्हटलं, भिंत घातलीय, आता आपण कशाला बघायचं तुमच्यात?"

बायकोनं लगेच मिस्त्रीला बोलावलं. त्यानं विचारलं, "किती उतरवू?"

ती म्हणाली, "काकूंना पलीकडं उभं करा अन् हनुवटीपर्यंत आणा."