गाढवाच्या पोटावरचं नाव

सकाळी दहा वाजता मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर निवृत्त दयानंद आणि त्यांची बायको शिवलीला तिनं प्रदर्शनासाठी भंगारातून केलेलं गाढव घेऊन उभे होते.

"अगं, पोटाला माझाच चषक मिळाला?"

"माळ्यावर पडला होता. कान उलथन्यांचे, शेपटी जुन्या ब्रशची. पोटच तेवढं अडलं होतं."

"नाव आहे त्यावर माझं! आदर्श कर्मचारी!"

"म्हणून तर शोभतंय."

"प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आमचे जुने साहेब येणार. त्यांनीच दिला होता तो."

"मग ओळखतील की."

"मला, की गाढवाला?"

"स्वल्प, जरा पुढं व्हा, बस आली."

"नाव तरी खरवडू दे."

"हात लावायचा नाही!"

बस निघाली तेव्हा गाढव दयानंदांच्या मांडीवर होतं. त्यांचा तळहात त्याच्या पोटावर घट्ट होता.