दोन मिनिटं चाळीस सेकंद

नेलिदा : एकसष्ट. सकाळपासून एकसष्ट जणांनी उत्तर दिलं तिला. आणि लिहिलंय काय, तर ‘सुप्रभात, मंडळी’. सोबत कॉफीच्या कपाचा फोटो. त्या कपाचा कानसुद्धा तुटलाय.

चारो : ओर्तेन्सियाबाईंचा ना? रोज तोच असतो. ताई, फोन ठेव आणि लिंबं पीळ. मासळी लिंबात मुरायला हवी; सेविचे आज खायचंय, उद्या नाही.

नेलिदा : माझ्या पोस्टला नऊ दिवस झाले. एक उत्तर नाही. हा एल्मेर सिफुएन्तेसच्या चाहत्यांचा ग्रुप आहे की कपाच्या?

चारो : लांबलचक लिहिलं असशील.

नेलिदा : सव्वादोन पानं. ‘बंदरावरचा दिवा’ या गाण्याच्या मिळतील तेवढ्या कॅसेटी ताडून पाहिल्या. गिटार कोण वाजवतंय, कुठलं कडवं गाळलंय, सेकंदासकट. असं काम त्या ग्रुपात कुणी केलंय?

चारो : नाही बाई.

नेलिदा : मग? परवा तिने रेकॉर्डचं साल चुकीचं लिहिलं. मी दुरुस्त केलं, तर सगळे चिडीचूप.

चारो : तू लॅबमधून रिपोर्ट पाठवल्यासारखं लिहितेस. साखर इतकी, युरिया इतका. त्यावर माणसाने बोलायचं काय?

नेलिदा : ‘छान’ म्हणायचं. कपाला म्हणतात की.

चारो : जळतेस.

नेलिदा : जळते. पुढच्या महिन्यात एल्मेरला जाऊन वीस वर्षं होतील. वाचनालयात त्याच्या गाण्यांवर बोलायला ग्रुपातल्या कुणाला तरी बोलावणार आहेत. मला जायचंय, चारो. पण बोलावतील तिलाच.

चारो : ती नाही बोलणार.

नेलिदा : मान मिळतोय, का नाही बोलणार?

चारो : त्या पोस्टबरोबर तू गाणं जोडलं होतंस ना?

नेलिदा : सत्त्याऐंशी सालची, इथल्या मैदानावरची मैफल, गर्दीतल्या कुणी सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर घेतलेली. साफ करून. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर वाद्यं बंद पडतात, मग कुणी बाई भसाड्या आवाजात पुढची ओळ ओरडते, मग नुसता गोंगाट. तेवढं कापलं. सांधा ओळखूही येत नाही. तीन रविवार गेले.

चारो : वीज गेली होती, ताई. तेव्हा बंडखोर विजेचे मनोरे बॉम्बने उडवायचे, आठवतंय ना? आपलं अख्खं चिंबोते काळोखात. लोक फाटकाकडे धावायला लागले, कडेवर पोरं. तेवढ्यात एका बाईने पुढची ओळ धरली. लोक थांबले. मग सगळं मैदान गायलं, दिवे येईपर्यंत. नाहीतर त्या फाटकात माणसं चेंगरली असती.

नेलिदा : मला कुणी सांगितलं नाही हे.

चारो : तू लिमाला शिकत होतीस. आणि इथे कुणाला सांगावंच लागत नाही.

नेलिदा : ती बाई म्हणजे ओर्तेन्सिया.

चारो : फाटकाशी मक्याचे तमाले विकायची. सहा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आवाज नाही. रोज ‘सुप्रभात’ लिहिते, आम्ही उत्तर देतो. तिचा आवाज आता त्या टेपवर आहे, तेवढाच.

नेलिदा : तो मी कापला. आणि वर ते कापलेलं गाणं सगळ्यांना पाठवलं.

चारो : तुला माहीत नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून कुणी भांडलं नाही. पण ‘छान’ तरी कसं म्हणणार?

नेलिदा : तू सांगायचंस. सख्खी बहीण ना तू माझी?

चारो : गोंगाट म्हणालीस ना तू? त्यात मी आहे. तिच्या मागेच उभी होते.

नेलिदा : कुठे?

चारो : दोन एकावन्नला. चांगली घसा ताणून गातेय.

नेलिदा : मी आयुष्यभर कॅसेटी जमवल्या, आणि तू तिथे उभी होतीस.

चारो : आता माझ्यावर जळ.

नेलिदा : ते मी पहिल्यापासूनच जळते. थांब, आधी ती पोस्ट काढते. काढली. मूळ टेप आहे फोनमध्ये. लावू?

चारो : हात पूस आधी. लिंबाचे आहेत.

[नेलिदा गाणं लावते. दोघी ऐकतात.]

नेलिदा : ही ती?

चारो : हीच.

नेलिदा : सुरात नाही.

चारो : नाहीच.

नेलिदा : आणि ही तू. तूही नाहीस.

चारो : नाही.

नेलिदा : परत लावते.