इनडोअर म्हणजे कुठे?

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांना धाप लागली होती. आजींनी डॉक्टरांची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

"अहो, यात इनडोअर लिहिलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे घरात राहायचं. कॅरम नाही का इनडोअर? घरात बसून खेळतात, तसं."

"मग चल घरी. इथे कशाला ताटकळायचं?"

"सिस्टरला विचारू की आधी."

"ती काय वेगळं सांगणार? तुझी ती कुंडीही इनडोअरच होती ना?"

"होती. तुम्ही गच्चीत नेऊन ठेवलीत आणि चार दिवसांत रोप वाळलं."

"म्हणूनच म्हणतो, घरी चल. चप्पल कुठाय माझी?"

तेवढ्यात सिस्टर आली.

"आजोबा, उठू नका. व्हीलचेअर आणतायत."

"कशाला? आम्ही रिक्षाने जाऊ. इनडोअर लिहिलंय ना?"

"हो, म्हणजे भरती व्हायचं. आत, वॉर्डात."

"पण बाई, घरसुद्धा आतच असतं ना?" आजी म्हणाल्या.

"आमच्याकडे इनडोअर म्हणजे इथलं आत, आजी."

"बरं. मग माझंही नाव लिहा."

"तुम्हाला काय होतंय?"

"मला काही नाही हो. पण आमच्या घराचं कुलूप अडकतं. ते यांनाच उघडता येतं."

आजोबांनी खिशातून किल्ली काढून आजींच्या हातात दिली.

"सोपं आहे गं. दार जरा वर उचलायचं, मग किल्ली फिरवायची."

"जरा म्हणजे किती?"