पेट्रोलचा कॉक कोणी उघडला

जबाब
दि. १५/१०/२००३

नाव : प्रसेनजीत गणपती शिंगे, वय ३९ वर्षे, धंदा : मोटार मेकॅनिक, मूळ गाव तालुका शिरोळ, सध्या राहणार उद्यमनगरच्या मागे, कोल्हापूर.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्याप्रमाणे सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी निशा व मुलगी श्रुती यांच्यासह राहतो. कृष्णात पिराजी चौगले व मी आयटीआयला एका वर्गात होतो. वर्गात दोघांत मिळून एक व्हाइस, म्हणजे लोखंड पकडायचा शिकंजा, असे, तिथून आमची ओळख. पुढे दोघांनी भागीदारीत गॅरेज टाकले. गॅरेजच्या पाटीवर कोणाचेच नाव नाही. आधी कोणाचे घालायचे यावर तो ‘तुझं घाल’ म्हणायचा आणि मी ‘तुझं घाल’ म्हणायचो, त्यात पाटी रंगवणारा कंटाळून नुसते ‘मोटार गॅरेज’ लिहून गेला. कागदावर त्याला मयत लिहिण्याची पद्धत आहे असे समजले. मी कृष्णातच म्हणणार.

कृष्णात भाजून सरकारी दवाखान्यात वारला. त्याचा धाकटा भाऊ संग्राम याने माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे, तो मला वाचून दाखवला. अर्जात म्हटले आहे की, मी पूजेला उभा राहत नाही, माझ्या मनात राग होता आणि मी पेट्रोलचा कॉक मुद्दाम उघडा ठेवून बाहेर निघून गेलो. यातले कॉक उघडला हे खरे आहे, बाहेर गेलो हेही खरे आहे. राग आणि मुद्दाम ही संग्रामची भर आहे. संग्रामला कुठल्या बोल्टला कुठला पाना लागतो ते ठाऊक नाही, पण माझ्या मनातले सगळे ठाऊक आहे. तरी त्याचा भाऊ गेला आहे, त्याला काहीही बोलायचा हक्क आहे.

गाडीबाबत सांगतो की, ती सन १९५३ ची शेवरलेट असून कृष्णातची स्वतःची आहे. नृसिंहवाडीच्या रस्त्याला एका गुऱ्हाळामागे ती पडून होती. आत कोंबड्या राहत होत्या. इंजिन मात्र जाग्यावर होते, एका ओळीत सहा सिलेंडरचे. अशा इंजिनवर मुळात एकच कार्बोरेटर असतो, मधोमध. त्यामुळे मधल्या सिलेंडरना भरपूर पेट्रोल मिळते आणि दोन टोकांना कमी पडते. कृष्णात म्हणायचा, “पंगतीला वाढपी एकच म्हटल्यावर कडंचं उपाशी ऱ्हाणारच की.” म्हणून त्याला तीन कार्बोरेटरचा जुना मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडरना पेट्रोल वाटून देणारा नळ, बसवायचा होता. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना असे लावत. तो त्याने बेळगावच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या माळ्यावरून शोधून आणला आणि तान्ह्या पोराला आणावे तसा मांडीवर घेऊन एसटीने आला.

मॅनिफोल्डचे तोंड वाकडे झाले होते, ते आम्ही घासून सरळ केले. पॅकिंग हाताने कापले. तिन्ही कार्बोरेटर एका वेळी उघडावेत म्हणून सळई वाकवून जोडणी तयार केली. तिन्ही सारखे ओढतात की नाही हे बघायला प्रत्येकाच्या तोंडाशी रबरी नळी धरून हवेचा आवाज ऐकावा लागतो. कृष्णातचा एक कान लहानपणापासून कामाचा नाही, म्हणून ऐकायचे काम माझे आणि स्क्रू फिरवायचे त्याचे. मी ‘जरा कमी’ म्हणायचो. तो म्हणायचा, “तुझं कान हायत का मांजराचं?” असे करून ते जमले. इंजिन एकदा पाच मिनिटे चालले, तेव्हा तो पाचही मिनिटे बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

तीनपैकी मधला कार्बोरेटर दुसऱ्याच इंजिनचा होता. त्याच्या फ्लोटची सुई अधूनमधून अडकायची. सुई अडकली की पेट्रोल आत यायचे थांबत नाही, ओव्हरफ्लो होऊन खाली गळते. बाजूला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारली की सुई परत बसते. टिचकी कुठे मारायची ते माझ्या हाताला माहीत होते. नवीन सुई दसरा झाल्यावर घालू, असे आमचे ठरले होते. गाडीची मूळ टाकी गंजली असल्याने पेट्रोल भिंतीला टांगलेल्या डब्यातून नळीने येत होते. पंचनाम्यात जप्त केलेला पितळी कॉक म्हणजे त्या डब्याची तोटी आहे.

दि. ४/१०/२००३ रोजी खंडेनवमी होती. खंडेनवमीला गॅरेजमध्ये हत्यारांची व गाड्यांची पूजा असते. आमच्या लाइनीत रीत अशी की, नारळ फुटला की इंजिन पहिल्या सेल्फला लागले पाहिजे. नाही लागले तर आजूबाजूचे मेकॅनिक वर्षभर हसतात. पहिल्या सेल्फला लागायचे तर कार्बोरेटर आधीच भरलेले हवेत. म्हणून पूजेच्या आधी मी कॉक उघडला. तिन्ही कार्बोरेटर भरले. मधला गळायला लागला, त्याला टिचकी दिली, थांबला. चालू झाल्यावर लगेच पेट्रोल लागणार म्हणून कॉक तसाच उघडा ठेवला. कृष्णात तेव्हा फुले आणायला बाहेर होता. तो आल्यावर मी त्याला हे सांगितले नाही, कारण पूजा आटोपली की आत येऊन सेल्फ मीच मारतो, तसे दरवर्षीचे आहे.

मी बाहेर का गेलो असे विचारल्यावरून सांगतो की, मी बौद्ध आहे. माझे वडील गणपती शिंगे यांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव नदीत सोडले. मी पूजा करत नाही. कृष्णातने मला एकदाही हात जोड म्हटले नाही. पूजेचे ताट आले की मी म्हणायचो, “चहा सांगून येतो.” तो म्हणायचा, “जा की.” दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तो आमच्या विहारात यायचा आणि वंदना सुरू झाली की चपलांपाशी जाऊन उभा राहायचा. आपल्यामुळे दुसऱ्याला अवघड होऊ नये एवढेच दोघे बघत होतो. तो थांब म्हणाला असता तर मी भिंतीला टेकून थांबलो असतो, त्याने माझा धर्म बुडाला नसता. आणि मी आत थांबलो असतो तर मधला कार्बोरेटर परत गळायला लागलेला मला तेव्हाच दिसला असता. हे आता मला दिवसभर दिसते.

पूजेला कृष्णातची आई तानाबाई, पत्नी क्रांती वहिनी व संग्राम असे आले होते. तानाबाई आल्या तशी मी चहाच्या गाडीवर गेलो. गाडी गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर आहे. मी चहा सांगितला आणि तिथेच उभा राहिलो. आत धूप, उदबत्ती व कापूर असल्याने पेट्रोलचा वास आला नसावा. तसाही गॅरेजमध्ये तो रोजचाच असतो, कोणी त्याकडे लक्ष देत नाही.

भक्क असा आवाज झाला. मी पळत आलो तेव्हा तानाबाई दारात पडल्या होत्या. कृष्णातने त्यांना ढकलून बाहेर काढले होते आणि तो स्वतः बॉनेटजवळ पेटलेला होता. मी गोणपाट टाकून त्याला दाबून धरले. संग्रामने घाबरून इंजिनवर पाण्याची घागर ओतली, त्यामुळे पेटलेले पेट्रोल फरशीभर पसरले. पेट्रोलवर पाणी ओतू नये हे मेकॅनिकला माहीत असते, त्याला कसे असणार. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, आणि त्यालाही कोणी ते सांगू नये अशी माझी विनंती आहे. कॉक मी बंद केला. तो तापलेला होता, माझ्या उजव्या हाताला त्याचे फोड आहेत.

दवाखान्यात मला एकदाच आत सोडले. कृष्णातने मला बघून ओठ हलवले म्हणून मी वाकलो. तो म्हणाला, “तू भाईर हुतास त्ये लई बरं झालं.” मी म्हणालो, “गप पड.” आमचे शेवटचे बोलणे ते एवढेच. इतक्या वर्षांच्या दोस्तीत मला त्या वेळी याहून चांगला शब्द सापडला नाही.

कृष्णातने दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला मृत्युपूर्व जबाब आज मला वाचून दाखवला. त्यात तो सांगतो की, पेट्रोलचा कॉक मी उघडला, प्रसेनजीतने तो आधी बंद केला होता, आरतीचे ताट माझ्या हातात होते, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्यावर ठाण्यातल्या साहेबांनी मला चहा दिला आणि समजावून सांगितले की, मयताने स्वतःवर घेतले असल्याने मी ‘कॉकबाबत मला माहीत नाही’ एवढे म्हणालो तर संग्रामचा अर्ज टिकत नाही. मी उघडला असे म्हणालो तर गुन्हा माझ्यावर दाखल होईल, अटकही होईल. घरी बायको-पोरगी आहे याचा विचार कर, असेही म्हणाले. साहेब माझ्या भल्याचेच बोलत होते.

मी विचार केला. कृष्णात खोटे बोलला आहे. मला वाचवायला बोलला हे कळायला मला कोणाची गरज नाही. पण तो कच्चा मेकॅनिक नव्हता. गळणाऱ्या कार्बोरेटरवर कॉक उघडा टाकून वर कापूर पेटवणारा माणूस तो नव्हता, त्याला कॉक उघडा आहे हेच माहीत नव्हते. हा कागद तसाच राहिला तर उद्यमनगरात उद्यापासून म्हणतील, कृष्णात चौगले आपल्याच गाढवपणाने मेला. मी त्या गल्लीत पान्याला हात लावायचा आणि ते ऐकून घ्यायचे, हे माझ्याने होणार नाही. त्यापेक्षा तुरुंगात बरा.

तानाबाईंच्या उजव्या हाताला भाजले कसे, दरवर्षी आरती त्याच करतात ना, असे साहेबांनी विचारले. पोराला विझवताना भाजले असेल. मी बाहेर होतो, ताट कोणाच्या हातात होते ते मी पाहिलेले नाही. त्या रडताना जे बोलतात ते जबाबात धरू नये, आईचे ते, काहीही बोलेल. त्या घरी बसून आपल्या हाताकडे बघत असतात. कृष्णातने ताट आपल्या स्वतःच्या हातात होते असे सांगितले आहे, तर ते खरे धरावे. ताटाने काही झालेले नाही. ताट दरवर्षी असते. कॉक दरवर्षी उघडा नसतो. एवढे कोणीतरी तानाबाईंना वाचून दाखवावे, माझ्याकडून त्या ऐकणार नाहीत, मला बघितले की त्यांना कृष्णातच आठवतो.

माझी मनःस्थिती विचारली. ती चांगली नाही. गॅरेज उघडण्याची माझी इच्छा नाही, आणि दुसरे काही करण्याचीही नाही. यापुढचे लिहू नये, हा कागद निशाच्या हातात पडेल.

माझे सांगणे लिहून झाल्यावर मला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा वाचल्यावर साहेबांनी विचारले की, कॉकचे वाक्य काढू का. मी नको म्हणालो. दुसऱ्यांदा वाचल्यावर परत विचारले. ताटाबाबत कृष्णातचे म्हणणे तेच माझे म्हणणे आहे. कॉकबाबत नाही. कॉक मी उघडला. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून उजवा हात बांधलेला असल्याने डाव्या हाताने सही करतो.

सही/-
प्रसेनजीत गणपती शिंगे