नोंद नसलेलं कपाट

समारंभाचे आदरणीय अध्यक्ष, प्राचार्या मॅडम, आज निवृत्त होत असलेले आमचे ग्रंथपाल सर, सर्व प्राध्यापक आणि मित्रमैत्रिणींनो,

आधी काय चाललंय ते क्रमाने सांगते.

१. वाचनालयातलं कादंबऱ्यांचं कपाट येत्या शुक्रवारी रद्दीत जाणार आहे.
२. कारण, नोंदवहीप्रमाणे अकरा वर्षांत त्यातली एकही कादंबरी कुणी नेलेली नाही.
३. नोंदवही बरोबर आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

आमच्या कार्डावर दोनच पुस्तकं मिळतात आणि ती अभ्यासाचीच घ्यावी लागतात. म्हणून सर कादंबरी कार्डाशिवाय द्यायचे. चिठ्ठीवर नाव लिहून खणात ठेवायचे, पुस्तक परत आलं की चिठ्ठी फाडायचे. हे नियमात बसत नाही. त्यांच्याच समारंभात हे सांगू का, असं मी काल विचारलं. म्हणाले, "सांग की! आता मला कामावरून कोण काढणार?"

पहिली कादंबरी मी तक्रार करतच परत केली होती. त्यातला माणूस भावाची माफी मागायला निघतो आणि दोनशे पानांनंतर ती न मागताच घरी येतो.

"सर, यात निष्कर्षच नाही."

"अगं बाई, ही काय प्रयोगवही आहे? पुन्हा वाच."

"तेच पुन्हा?"

"या वेळी तो कुठेकुठे थांबतो, तेवढंच बघ."

बघितलं. सतरा ठिकाणी थांबतो, आणि दर वेळी कारण अगदी चोख. तशी कारणं मलाही पटापट सुचतात, हे तेव्हा लक्षात आलं. त्याच आठवड्यात मी दीड वर्षाने वडिलांना फोन केला. पुढचं इथे सांगणार नाही.

त्यानंतर चाळीस कादंबऱ्या वाचल्या. काही कंटाळवाण्या निघाल्या, तेही नमूद करते.

पण वाचणारी मी एकटीच होते का? वर्गावर्गांत जाऊन विचारलं. त्रेसष्ट जणांनी वाचलेल्या कादंबरीचं नाव लिहून खाली सही केली आहे. ती यादी मी आत्ता मॅडमच्या हातात देते आहे.

सर, तुमचे मनापासून आभार. नोंद ठेवली नाहीत, त्याचा राग वेगळा.

सभेने शांतपणे ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात उद्धटपणा वाटला असेल तर क्षमा असावी. यादी मात्र तीनदा तपासलेली आहे. कपाट राहणार की नाही, हे मॅडमनी गुरुवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळवावं, ही विनंती.