एंटरच्या आधी

चिखलीच्या स्टॉपवर चाकणच्या कंपनी बसची वाट बघत होतो. मागे एकाच युनिफॉर्ममधले दोघं बोलत होते, एक पिकल्या मिशांचा आणि एक तरणा.

"काका, काल सर्व्हरची डिस्क गेली म्हणे. सगळी ड्रॉइंग उडाली?"

"उडाली व्हती. तनुजानं परत आणली."

"ती आयटीवाली?"

"व्हय. दर शनवारी ती सगळ्याचं एक गाठोडं बांधून दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. काल तेच सोडलं. माऊस न्हाई, काय न्हाई. नुसता काळा पडदा आन टाइप केलेली कमांड."

"मग त्यात अवघड काय?"

"आरं, बांधायची आन सोडायची कमांड एकच, फरक एका अक्षराचा. घाईत बांधायचं अक्षर पडलं, तर भरलेल्या गाठोड्यावर रिकामं बसतं. मग कायमचं गेलं."

"बाप रे! आणि साहेब डोक्यावर उभे!"

"लवकर कर, लवकर कर, चाललंच व्हतं त्यांचं. पोरीनं कमांड लिहिली, दोन्ही हात कीबोर्डवरनं उचलले आन मोठ्यांदा म्हणाली, 'हात!' मग एकेक अक्षर वाचलं. मगच एंटर."

"'हात'? ते तर आपण प्रेस खाली सोडायच्या आधी ओरडतो, समोरच्यानं हात काढावा म्हणून."

"तिचा बापबी तेच वरडायचा."

"प्रेसवर होते? कोण?"

"आपले आबाजी."

"मागच्या वर्षी रिटायर झाले ते?"

"व्हय, तेच. सारी नोकरी प्रेसवर केली, आन दाही बोटं घेऊन घरी गेले."